आहेरांच्या घरचं दळण

गिरणीत बसणाऱ्याला कोणाच्या घरी काय शिजतं हे विचारावं लागत नाही. डबा उघडला की कळतं. गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत माझी गिरणी आहे, आणि तिथं पिठाइतकेच किस्से उडतात. झाडून काढावेत, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. आज फक्त आहेरांच्या घरचे सांगतो. माणसं भली. पण मध्यंतरी वहिनी सोडून घरातल्या प्रत्येकाला डाएट लागलं.

* * *

पहिला मान राहुलचा, म्हणजे आहेर वहिनींच्या मुलाचा. जिमला जायला लागला आणि गहू सोडला. एक दिवस पिशवीभर बदाम घेऊन आला.

"नाना, बारीक दळा. आता याचीच पोळी."

"बाळा, हे मिक्सरचं काम."

ऐकेना. घातले. बदामाला तेल सुटलं, जातं घरघरलं आणि बसलं. उघडून दगड घासला, मग मूठमूठ ज्वारी टाकून तेल काढत राहिलो. राहुलच्या मागं निकम भाऊंची बाजरी होती. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "नाना, काल भाकरी शिऱ्यासारखी लागली. रोज अशीच दळत जा."

* * *

मग वहिनींचे मालक. आहेर भाऊंना थोडी शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, गोड कमी करा, फिरायला जा, वेळेवर जेवा. भाऊंना हे फारच सोपं वाटलं. मोबाईलवर बघून त्यांनी मल्टीग्रेन सुरू केलं. आधी गव्हात नागली, मग जव, सोयाबीन, हरभरा, मेथी. दर खेपेला एक पुडी जास्त. शेवटी गहूच बाहेर पडला.

"कशी होते पोळी?" मी विचारलं.

"ताटात पडली की शेजारचे दार उघडून बघतात, काय पडलं म्हणून."

"आणि चवीला?"

"मेथीनं तोंड कडू होतं हो. मग चौकात जाऊन जिलबी खावी लागते."

* * *

हे सगळे डबे उचलून आणायच्या वहिनी. हा राहुलचा, हा ह्यांचा, हा सुनेचा. प्रत्येकाचं पीठ वेगळं, जेवायची वेळ वेगळी, टेबलावर कोणी कोणाबरोबर नाही.

मी एकदा म्हटलं, "वहिनी, तुमचा डबा कोणता?"

"माझा? ज्याचं उरेल ते माझं."

* * *

सून पूजा, राहुलची बायको. ऑफिसातल्या मैत्रिणींचं ऐकून तिनं दुपारी दोनच्या आत काही खायचं नाही असं ठरवलं, आणि रात्रीचं जेवण बंद. एकदा रांगेत उभ्या उभ्या तिनं भिंत धरली. मी पोत्यावर बसवलं, पाणी दिलं. पाणी चालतं म्हणाली.

मग तिची मुलगी ओवी. पहिलीत आहे. शाळेतून डबा भरलेलाच परत यायला लागला. बाईंनी विचारलं तर म्हणाली, "मी डाएटवर आहे." सगळा वर्ग हसला म्हणे. वहिनी मला हे सांगताना हसल्या नाहीत.

"दंड काडीसारखे झालेत नाना लेकराचे. पूजा रोज नवीन काहीतरी करते तिच्यासाठी, पराठा करते, शिरा करते. पोरगी म्हणते, तू कुठं खातेस?"

* * *

एका रविवारी पूजा ओवीला घेऊन आली. बारा वाजून गेले होते. मागं निकम भाऊ डबा घेऊन उभे. मी माझी भाकरी फडक्यातून सोडली होती, वर शेंगदाण्याची चटणी. ओवी तिकडंच बघत राहिली.

"खातेस का गं?"

तिनं आईकडं पाहिलं. "मम्मी खाईल तर."

पूजानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. तिच्या दोनला बराच अवकाश होता. मी भाकरीचे तुकडे केले आणि थांबलो. पट्टा फिरत होता.

मग पूजा म्हणाली, "नाना, तुमचं घड्याळ मागं पडलंय."

आणि पोत्यावर बसून तिनं तुकडा चटणीला लावून तोंडात घातला. ओवीनं दुसरा उचलला आणि आईला चिकटून बसली.

घड्याळ मागं नव्हतं. मी स्टूल ओढलं, सावकाश वर चढलो आणि काटे दोनवर नेऊन ठेवले.

दोनला मी गिरणी बंद करतो. निकम भाऊंनी वर पाहिलं, दोघी मायलेकींकडं पाहिलं. म्हणाले, "म्हणजे आज आमचं दळण राहिलं," आणि डबा उचलून घराकडं निघाले.