बिअरच्या पिंपातलं दूध

नाताळची काळ्या मनुकांची वाइन आमच्या घरी मीच करतो. चिनी मातीची शेवटची बरणीही फुटली, तेव्हा नगरच्या भंगारातून बिअरचं जुनं स्टीलचं पिंप आणलं. वरचं तोंड मोठं कापायला आणि खाली तोटी बसवायला ते एका वेल्डरकाकांकडे दिलं. काकांचा सगळा जन्म डेअरीच्या दुधाच्या टाक्या जोडण्यात गेलेला. गळ्यात तुळशीची माळ, दारूला कधी शिवलेले नाहीत.

दोन तासांचं काम, पण काका तीन दिवस तोटीचा जोड आतून घासत बसले. चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. "काका, यात वाइन ठेवायचीय, देवाचं तीर्थ नाही!"

त्यांनी मान वर केली नाही. "सांध्यात केसाएवढी फट राह्यली तरी घान बसती. मग दूध काय अन् तुमचं ते काय, नासनारच."

मी आत हात घालून चाचपलं. जोड कुठे आहे ते बोटाला कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बोलावलं. पिंप उकळत्या पाण्यानं धुऊन सकाळीच त्यात घरच्या गाईचं दूध भरून ठेवलं होतं. माझ्यादेखत तोटी सोडून त्यांनी त्या दुधाचा चहा टाकला. मी टक लावून बघत होतो. चहा फाटला नाही.

"बिअरच्या पिंपातलं तुम्हाला चालतं?" मी विचारलं.

"ज्यातलं मला पिववत न्हाई, ते भांडं गिऱ्हाईकाला कसं देऊ?" काका म्हणाले आणि पहिली बशी त्यांनीच तोंडाला लावली.