नदीमला मी ‘असेल’ म्हटलं

हे मी अजून कुणाजवळही बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, लातूरला आईजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — खरंच कळत नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच असावं.

नांदेडच्या एका शिक्षण संस्थेत मी सर्व्हर सांभाळते. अर्धापूर असो, बिलोली असो की किनवट — संस्थेतल्या कुणीही कॉम्प्युटरवर आपलं नाव नि पासवर्ड टाकला, की माणूस खरा की खोटा हे आमच्या एकाच मशीनवर ठरतं. या मशीनला बाहेरच्या जगाशी बोलायला दरवाजे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. लागतील तेवढेच उघडे ठेवायचे, बाकीचे बंद. माझं काम ते एवढंच.

आणि मग तो उन्हाळा... लातूरला माहेरी गेले होते. कूलरला नवी वाळ्याची ताटी, खोलीभर ओला गार वास, आई कैऱ्या चिरतेय, आणि मी चटईवर अर्धवट झोपेत. दुपार कधी संपायची ते कळायचंच नाही. कुणाचा पासवर्ड अडला तर रजा मोडून नांदेड गाठायला नको, म्हणून निघण्याआधी मी एक जास्तीचा पोर्ट उघडून ठेवला होता. लोळत लोळत काम करता यावं म्हणून! परत आल्यावर तो बंद करायचा होता. विसरले. घरी कुणी आजारी नव्हतं, कसलीही नड नव्हती. मला झोपायचं होतं.

दिवाळीनंतर संस्थेने बाहेरची माणसं बोलावून तपासणी करून घेतली आणि तो पोर्ट उघडा निघाला. आत कुणी शिरलं नव्हतं, पण कुठल्या कुठल्या देशांतून सतत कुणीतरी कडी वाजवत होतं. साहेब भडकले. कुणी उघडला, शोधा म्हणाले.

पोर्टचा नंबर पाहिला आणि मी ओळखला — तिथल्या तिथे.

तरीही शोधत बसले. माझ्यासोबत नदीम, माझ्या हाताखालचा इंजिनिअर. कुठली वायर कुठल्या भिंतीतून गेलीय, हे डोळे मिटून सांगणारा पोरगा. आठवणीचा मोठा अभिमान त्याला, आणि आम्ही त्यावरून चिडवायचोही. त्या पोर्टमागे कुठला प्रोग्राम चालतोय ते त्याने काढलं, व्हायरस आहे का पाहिलं, एखाद्या अपडेटने उघडला का तेही पाहिलं. उत्तर माझ्याजवळ होतं, आणि मी त्याच्या शेजारी बसून ‘हेही बघ, तेही बघ’ म्हणत होते! सर्व्हरच्या खोलीत गारवा असतो, दिवे लुकलुकत असतात, पंख्यांची घरघर थांबत नाही. पाण्याखाली बसल्यासारखं वाटतं. त्या गुंगीत मला वाटायचं, हे माझं नाहीच, दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय.

शेवटी निघालं ते असं — पोर्ट हाताने उघडलेला होता, ॲडमिनच्या लॉगिनमधून. कधी उघडला, ती जुनी नोंद पुसली गेली होती. ते लॉगिन आम्ही दोघं वापरायचो. दोघंच.

नदीम बोटांवर महिने मोजत बसला. हातातल्या चहावर साय आली.

“ताई, लई आठवून राहिलो, पण न्हाई आठवत,” तो म्हणाला. “टेस्टिंगला मीच खोललो असंल का हो?”

“असेल,” मी म्हटलं.

बस. एवढा एकच शब्द. भीती होती का? होती ना — नोकरीची, साहेबांची, चारचौघांत नाव जाण्याची. पण खरं सांगू? तो शब्द फार सहज निघाला. आणि हेही लपवत नाही — नदीमचं नाव पुढे आलं की लोक पुढचं काही विचारणार नाहीत, हे मला त्या क्षणी ठाऊक होतं. तसंच झालं. तो आपण होऊन साहेबांकडे गेला, ‘माझ्याच हातून झालं’ म्हणाला. ऑफिसात लोकांनी नुसतं एकमेकांकडे पाहिलं. त्याला बिलोलीला पाठवलं, प्रिंटर दुरुस्त करायला. ‘पोरगा चांगला आहे, सांभाळून घ्या,’ असं मीच साहेबांना सांगितलं. त्यावर लोकांनी माझं कौतुक केलं, आणि ते मी ऐकून घेतलं.

यंदा ईदला त्याने घरी बोलावलं. त्याची बायको हसत सांगत होती, “ताई, ह्यांना काय झालंय बघा की. कुलूप लावतेत, गल्लीच्या टोकाला जातेत, अन् परत येतेत. लावलं का न्हाई म्हणून.”

नदीमही हसला. “डोक्याचा भरवसाच न्हाई राहिला. ताईंनी तवा सांभाळून घेतलं, म्हणून नोकरी तरी हाय.”

माझ्या हातात शीरखुर्म्याची वाटी होती. त्याच्या डोक्याला काहीही झालेलं नाही, पहिल्यासारखंच शाबूत आहे — आणि हे त्याला सांगू शकेल असं जगात माझ्याशिवाय कुणी नाही. त्याची बायको म्हणाली, “अजून घ्या की.”

मी वाटी पुढे केली.