सुरेशमामाची पंधरावी फेरी

माझ्या मामाचा कप मी घालवला.

आज सकाळी सुरेशमामा गेला. दुपारी अंगणात बसलेल्यांनी पुन्हा तोच विषय काढला, म्हणून लिहितेय.

खोपोलीत त्याचं गॅरेज. शाळेत जायच्या आधी आकडे मी तिथेच शिकले, नटबोल्ट मोजून.
"दोनदा मोज गं. मग भांडायला मोकळी."

भातकापणी झाली की कळंबजवळच्या रिकाम्या शेतात जुन्या गाड्यांच्या रेस व्हायच्या. रोजच्या वापरातल्याच गाड्या. मामाची लाल मारुती.
फेऱ्या मोजायला टेबलावर आयोजकांचा माणूस, शिवाय प्रत्येक ड्रायव्हरच्या घरचं एक.
मामाकडून मी.

सीझनची शेवटची रेस. पंधरा फेऱ्या. जिंकला तर सीझनचा कप मामाचा, आयुष्यात पहिल्यांदा.

मध्येच इंजिन तापलं. मामा टेबलापाशी थांबला, पाणी ओतलं, निघाला.
नंतर नुसती धूळ.
झेंडा पडला. मामा पहिला! गुलाल, ताशा, मामी रडतेय.

माझ्या वहीत चौदा रेघा.

दोनदा मोजल्या. चौदाच.
टेबलावरच्या माणसाने मामा थांबला तेव्हा एक रेघ मारली होती, निघाला तेव्हा दुसरी. फेरी एकच.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं.

"मामा, एक फेरी कमी आहे."
"दोनदा मोजलंस?"
"हो."

त्याने कप टेबलावर ठेवला. "घ्या. माझी एक फेरी ऱ्हायलीय."
त्याचा दोस्त ओरडला, "येडा झालास काय रं? कोन इचारतंय?"
"माझी भाची इचारतेय."

आणि तो गाडीत बसला. रिकाम्या ट्रॅकवर, एकटा. बॉनेटमधून वाफ, बाजूला लोक हसतायत.
रेषेवर आला तेव्हा लांबलचक हॉर्न दिला.
"लिही गं, पंधरा!"

लिहिलं.

कप दुसऱ्याच्या घरी गेला.

आज कुणीतरी म्हणालं, "भोळा होता बिचारा. भाचीनं हातचा कप घालवला."

भोळा नव्हता तो. बिचारा तर अजिबात नाही.
मला सगळ्याची धास्ती असते. गॅस बंद केला का, कुलूप लागलं का, तीन-तीनदा बघते. त्या आकड्याची कधीच वाटली नाही. आज विचारलंत तरी चौदाच सांगेन.

ती वही माझ्यापाशी आहे. कुणाला बघायची असेल त्याने यावं.

मामा, तुझी एकही फेरी बाकी नाही.
दोनदा मोजलंय.
जा आता निवांत.