उकंडरावांच्या पिस्तुलाची माशी

उकंडराव हे नाव ज्याचं असतं, त्याच्या आधी घरातली दोन-तीन लेकरं गेलेली असतात, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. बीबी गावच्या उकंडरावांआधी तीन गेली. चौथा जन्मला तेव्हा आजीने त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारणीने उचललं आणि पायलीभर ज्वारी घेऊन परत दिलं. यमाला वाटावं, हा काही कामाचा माल नाही. यम फसला. १९६५ साली उकंडराव बावन्न वर्षांचे होते, दोन्ही वेळा भाकरी पचत होती आणि दात सगळे शाबूत होते.

बाकी माणूस नाकासमोर चालणारा. तीस एकर काळी जमीन, दोन बैलजोड्या, तीन लेकी, तिघी उजवलेल्या. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे मटणाचा वासही घरात नाही. आणि अशा माणसाकडे एक पिस्तूल होतं. शिकारीचं नव्हे, नेमबाजीचं. लांब नळीचं, अक्रोडी मुठीचं, जर्मनीत बनलेलं. सशालासुद्धा त्यांनी कधी गोळी घातली नाही. मळ्यातल्या बांधावर मातीचा ढीग रचायचा, त्यावर काळ्या गोलाचा कागद लावायचा आणि पंचवीस पावलांवरून एका हाताने नेम धरायचा. गावातली टवाळ मंडळी म्हणत, "उकंडराव कागद मारते आन् भाकरीसंग खाते." उकंडराव हसून सोडून देत. त्यांना जे मिळायचं ते त्या टवाळांना सांगून समजलं नसतं. नळीच्या टोकावरचा लोखंडी दाणा, म्हणजे माशी, मागच्या पट्टीच्या खाचेत बरोबर मधोमध येऊन थांबली, की पाऊस, कपाशी, लेकींच्या सासवा, सगळं गप्प व्हायचं. तेवढ्या दोन श्वासांपुरता उकिरड्यावरचा हा पोर राजा असायचा.

हे पिस्तूल त्यांनी एकट्याने घेतलं नव्हतं. सोनाळ्याचे भगवानराव आणि ते खामगावच्या बोर्डिंगात एका खोलीत राहिलेले. अडतीस साली दोघे मिळून नागपूरला गेले आणि एकाच पेटीतली दोन पिस्तुलं घेऊन आले, नंबरसुद्धा पाठोपाठचे. पुढे सतरा-अठरा वर्षं जिल्ह्याच्या नेमबाजीत पहिला नंबर कधी बीबीला, कधी सोनाळ्याला. हरलेला जिंकलेल्याला तोंडभर शिव्या घालायचा आणि मग एकाच ताटात दोघे जेवायचे. एकदा उकंडराव भर मैदानात बोलून बसले, "आज तू जिकला तं माही अन्नपूर्णा तुह्या घरची सून." भगवानराव जिंकले. लोक हसले, पण ते दोघे हसले नाहीत. शब्द तो शब्द.

आणि तो शब्द उकंडरावांनी मोडला. त्यांची बहीण सुभद्राबाई येऊन ओसरीवर बसली आणि दोन दिवस अन्नाला शिवली नाही. भाची आतेभावाला द्यायची ही रीत, पहिला हक्क तिच्या पोराचा. उकंडराव नमले. एवढ्यावर काही बिघडलं नसतं. बहिणीच्या हट्टापुढे कोणता भाऊ टिकला आहे? बिघडलं ते पुढे. सोनाळ्याला जाऊन, दोस्ताच्या पायाशी बसून सांगायचं, तर या गड्याला तोंड दाखवायची लाज वाटली. त्याने साधं पोस्टकार्ड टाकलं. तीन ओळींचं. सोनाळ्याच्या पोस्टमनने ते पारावर मोठ्याने वाचलं. भगवानरावांना ते घरी पोचण्याआधी गावाला कळलं. त्यानंतर नऊ वर्षं सोनाळ्याहून ना पत्र, ना निरोप, आणि भगवानराव नेमबाजीला पुन्हा आले नाहीत.

तर माशी हरवली ती चौसष्टच्या दसऱ्याला. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुजायची: विळा, कुऱ्हाड, पाभर, आणि पिस्तूलही. उकंडरावांनी आदल्या दिवशी ते तेलपाणी करायला सोडवलं. माशी आणि खाचेची पट्टी स्क्रूसकट लाल फडक्यात बांधून देवापुढच्या तबकात ठेवली, नजरेसमोर राहावी म्हणून. पूजा झाली, वर हळद-कुंकू, झेंडू, आपट्याची पानं पडली. तिसऱ्या दिवशी गोजरबाईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, रिवाजाप्रमाणे तबकातलं निर्माल्य ओढ्यात सोडलं. देवापुढचं लाल फडकं कुणी उकलून पाहतं का? तिच्या जागी कुणीही हेच केलं असतं. उकंडराव चार दिवस ओढ्यातला गाळ गव्हाच्या चाळणीने चाळत होते. दोन खिळे आणि एक जोडवं मिळालं.

तेव्हापासून हा माणूस पत्रं लिहायला लागला. इंग्रजी लिहायला शाळेचे शंकरराव मास्तर होतेच. मुंबईच्या दुकानाने कळवलं की असलं पिस्तूल दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच निघायचं बंद झालं, सुटे भाग नाहीत. आता मुंबई आपलीच राजधानी होती, पण आपलेपणाने माशी मिळत नाही. नागपूरच्या कारागिराने एक घासून दिली, तिच्यामुळे गोळी कागद सोडून शेजारच्या तुरीत गेली. लोणारच्या सोनाराने पितळेची बनवली. ती उन्हात इतकी चमकायची की डोळा ठरेना. कापूर जाळून तिला काजळी धरली, तर खाच वाकडी निघाली. शेवटी मास्तरांनी थेट जर्मनीला लिहिलं. पाच महिन्यांनी सुंदर तिकिटाचं उत्तर आलं: कारखाना लढाईत जळला, नकाशेही उरले नाहीत, आपल्या निष्ठेबद्दल आभार. मास्तरांनी तिकीट ठेवून घेतलं.

गोजरबाई हे सगळं बघत होती. चूक आपल्या हातून झाली, हे तिला खात होतं. एक दिवस भाकरी वाढताना ती म्हणाली, "जर्मनी झाली, मुंबई झाली. सोनाळ्याले तं तशीच माशी पडेल हाये ना?"

"त्याचं नाव काढू नको."

"काऊन नको? जर्मनीपेक्षा सोनाळा दूर हाये का?"

उकंडराव न जेवता उठले. दूरच होता सोनाळा. नऊ वर्षं प्रत्येक नेमाच्या वेळी डाव्या हाताला कुणी शिव्या द्यायला नाही, हे त्यांना टोचत होतं, पण ते कबूल करायचं म्हणजे तिथे जावं लागलं असतं. आता मात्र निमित्त होतं. सव्वीस जानेवारीला बुलढाण्याला जिल्ह्याची नेमबाजी होती, आणि वय बघता त्यांची ही शेवटचीच. डिसेंबरात एका सकाळी त्यांनी धुवट धोतर नेसलं आणि मेहकरची एस.टी. धरली. मेहकर, खामगाव, शेगाव, मग सातपुड्याकडे जाणारी धुळीची गाडी. सोनाळ्याला उतरले तेव्हा उन्हं कलली होती.

भगवानराव ओसरीवरच होते. केस पार पांढरे. एका नजरेत ओळखलं, उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या, बसा."

शिव्या दिल्या असत्या तर उकंडरावांना बरं वाटलं असतं. "आलास का बे उकिरड्या," ही त्यांची जुनी सलामी. तिच्या आशेवर ते खामगावपासून मनातल्या मनात उत्तर जुळवत आले होते. पाणी आलं, चहा आला. भगवानरावांच्या बायकोने, रुखमाबाईने, गोजरबाईची चौकशी केली. पदर सावरत सून कपबशा न्यायला आली आणि उकंडरावांनी मान खाली घातली. त्या जागी अन्नपूर्णा असती.

"अन्नपूर्णा बरी हाये?" भगवानरावांनीच विचारलं.

"बरी हाये. दोन पोरं हायेत."

"चांगलं झालं."

मग कपाशीचं बोलणं झालं, पावसाचं झालं. बोलण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा उकंडरावांनी दसऱ्याची हकिकत सांगितली. भगवानरावांनी ती न हसता ऐकली, आत गेले आणि लाकडी पेटी घेऊन आले. पिस्तूल तेल लावून जपलेलं होतं. त्यांनी बारीक पेचकसाने माशी काढली, खाचेची पट्टी काढली, कागदावर ठेवली आणि पुढे सरकवली.

"तुमी कायनं खेळसान?" उकंडरावांच्याही तोंडून 'तुमी' निघून गेलं.

"मी कोनासंग खेळू? नऊ सालापासून एक गोळी नाही झाडली. घेऊन जा. परत कराची गरज नाही." भगवानराव पेटी बंद करता करता म्हणाले, "इतक्या दूर काऊन आले? एक कार्ड टाकलं असतं तरी धाडली असती पोस्टानं."

वर्षभर उकंडरावांनी जिच्यासाठी जीव टाकला ती वस्तू हातभर अंतरावर पडली होती. नेमकी, अस्सल, जर्मनीची. उचलायची, खिशात टाकायची आणि पाचची गाडी धरायची. पण ती उचलली की सोनाळ्याला यायला जगात दुसरं कारण राहणार नव्हतं. भगवान सगळा हिशेब मिटवून टाकत होता, तोही इतक्या सज्जनपणे, की भांडायला जागा ठेवत नव्हता. आपल्याला माशी हवी होती, हे खरं. पण एवढ्या पत्रांच्या आड आपण कुणाला शोधत होतो, ते उकंडरावांना आत्ता, या ओसरीवर कळलं.

"राहू दे," ते म्हणाले. "पिस्तूल संगं नाही आनलं. बसते का नाही ते पाहा लागन. पुढच्या खेपेले घेऊन येतो."

दोन्ही पिस्तुलं एकाच पेटीतली. एकाची माशी दुसऱ्याला डोळे झाकून बसली असती, आणि हे या दोघांइतकं कुणाला ठाऊक होतं? भगवानरावांनी कागदावरचे ते दोन लोखंडी तुकडे बोटाने आपल्याकडे ओढून घेतले.

"पुढची खेप कवा?"

"सव्वीस जानेवारीले."

"त्या दिशी तं बुलढान्याले नेमबाजी रायते."

"हाव," उकंडराव म्हणाले. "मालूम हाये मले. तरी इकडंच येतो."

भगवानरावांनी पेटी पुन्हा उघडली आणि माशी आपल्या पिस्तुलावर परत बसवायला घेतली. स्क्रू निसटला, ओसरीवर कुठेतरी घरंगळत गेला, आणि दोघे म्हातारे गुडघ्यांवर बसून तो शोधू लागले.