लाल खुणेच्या कांड्या

बंगळुरूजवळच्या आमच्या आनेकलच्या वेल्डिंग शेडमधलं भंगार महिन्याला उचललं जातं. किस्से मात्र तिथेच पडून राहतात. सेफ्टीचं काम माझ्याकडे, त्यामुळे सगळा ढीग माझ्याच टेबलावर! ऐकणारे हसतात. मला अजून संताप येतो.

*

टिग वेल्डिंगला टंगस्टनची कांडी लागते. ग्राइंडरवर तिला टोक काढायचं, मग काम सुरू. आमच्या कांड्या मागच्या टोकाला लाल खुणेच्या, म्हणजे थोरियमवाल्या. घासताना उडणारी धूळ किरणोत्सारी, छातीत जाता कामा नये.

मालक राजारामअण्णा आमच्या नात्यातलेच. त्यांना म्हटलं, "सोनेरी खुणेच्या घेऊ या. त्यात थोरियम नसतं."

"अगं सुमा, लाल शुभ असतं!"

*

मुनियप्पा आमचा सगळ्यात जुना वेल्डर. दिवसभर टोकं काढतो आणि खोकतो. त्याच्यासाठी भांडून मी ग्राइंडरपाशी धूळ ओढणारा पंखा बसवून घेतला. आठवड्याभरात पंखा अण्णांच्या केबिनमध्ये!

"मुनियप्पाला सवय आहे गं. मला उकडतं."

*

मग नवे युनिफॉर्म आले. वेल्डरला सुती कपडे हवेत हे शाळेतलं पोरही सांगेल. आमचे पॉलिस्टरचे! पहिल्याच दिवशी ठिणगी पडून मुनियप्पाची बाही वितळली आणि हाताला चिकटली. अण्णा धावत आले.

"लोगोला काही झालं नाही ना?"

*

धुळीचे सहा चांगले मास्क मीच आणले. अण्णांनी ते काचेच्या कपाटात मांडले आणि किल्ली खिशात टाकली.

"अण्णा, हे वापरायचे असतात!"

"वापरले की खराब होतात."

*

आणि मग कस्टमरचं ऑडिट ठरलं. त्यांनी आधीच कळवलं होतं, लाल कांडी चालणार नाही. मला वाटलं, सुटलो एकदाचे! आदल्या दिवशी मी मल्लेश्वरमला भाच्याच्या बारशाला गेले.

अण्णांनी डोकं चालवलं. नव्या कांड्या कशाला? लाल खूणच घालवू! दोन डबे कांड्यांची रंगीत टोकं मुनियप्पाने दिवसभर बसून ग्राइंडरवर घासली. पंखा केबिनमध्ये, मास्क कपाटात.

सकाळी येऊन बघते तर ग्राइंडरभोवती राखाडी थर. ज्या धुळीसाठी मी वर्षभर घसा फोडला, ती यांनी एका दिवसात त्याच्या छातीत भरली! मी अण्णांवर ओरडलेच.

"स्वल्प हळू बोल गं, ऑडिटर आलेत!"

ऑडिटर कपाटापाशी थांबले. "इतके स्वच्छ मास्क मी कुठेच पाहिले नाहीत!" अण्णा फुलले.

मग ते मुनियप्पाकडे वळले. "मागच्या खेपेला इथे लाल कांड्या होत्या. त्या कुठे गेल्या?"

अण्णांनी डोळे वटारले. मुनियप्पा आधी बराच वेळ खोकला. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, "इथे आहेत, सार."