कोपरा न फाडलेलं पोस्टकार्ड

माझे चुलत आजोबा जालन्याच्या एका साप्ताहिकात व्यंगचित्रं काढत. नातेवाइकांनाही ते पोस्टकार्डावर चित्रच पाठवत. बारसं असो की नवा बैल, चार रेघा आणि तळाशी एक ओळ. त्यांची कला माझ्यात उतरली नाही. मी घराण्याच्या गोष्टी तेवढ्या सांगतो, त्याही कोणी विचारल्या नसताना.

त्यांची मुलगी, माझी आत्या, आता पंचाहत्तरीची. ती रांगत होती तेव्हा तिची आई गेली. आईचा फोटो नाही. आजोबांनी बायकोचा चेहरा एकदाच काढला, ती गेल्याचं कळवणाऱ्या पोस्टकार्डांवर. पण असलं कार्ड कोपरा फाडून पाठवतात आणि वाचणारा ते घरात ठेवत नाही.

आत्याचा एक डोळा गेला, दुसरा चाललाय. म्हणाली, "लई गोष्टी सांगतोस ना? मंग डोळा जायच्या आधी माझ्या आईचं तोंड दाखव."

नातेवाइकांकडं टेंभुर्णीला गेलो, घनसावंगीला गेलो. सगळीकडं एकच उत्तर : "तवाच फाडलं की! ठेवतेत का असलं घरात?"

उरलं हसनाबाद. तिथलं कोणीच तेव्हा दहाव्याला आलं नव्हतं, म्हणून आत्यानं त्या घरचं पाणी कधी घेतलं नाही. भीत भीत गेलो. समोरच्या भिंतीवर फ्रेम होती. त्यात हातात चाळणी धरून खळखळून हसणारी बाई.

"तवा आमच्या घरात कुणालाच वाचता येत नव्हतं," तिथले ऐंशीचे काका म्हणाले. "तुमच्या आजोबाचं कार्ड म्हंजे हसायचं. मायला आवडलं, लावलं."

कोपरा शाबूत होता. त्या दिवशी आजोबांच्या हातून एवढ्या एकाच कार्डाचा फाडायचा राहिला असावा. तळाची ओळ लाकडी पट्टीखाली गेली होती. मी फ्रेम उघडली आणि वाचून दाखवली : 'ही काल गेली.'

काका उठून मागच्या दारी गेले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर बादली ओतून घेतली. निथळत्या हातांनी त्यांनी कार्डाकडे बोट दाखवलं. "घेऊन जा. तिला म्हणावं, आम्हाला कळालंच न्हाई."

आत्यानं कार्ड चांगल्या डोळ्याजवळ धरलं. मी सगळं सांगितलं.

"आंघोळ केली त्यांनी?"

"केली."

"मंग बराबर." कार्ड आणखी जवळ घेत म्हणाली, "उद्या हसनाबादला जाऊ. आता गप बस, बघून राह्यले."