पोखर्णीच्या उन्हात सोडलेली हवा

जूनपासून आमची सून स्वाती बोरीच्या शाळेत शिकवायला जाणार. तिचं म्हणणं, घरची गाडी घेऊन रोज परभणीहून जाऊन येईन. माझ्या यजमानांचं म्हणणं, एसटीने जा, नाहीतर तिथेच खोली घे. नवशिक्या हाताला रोजचा रस्ता नको. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. "एका दिवसात पोखर्णी अन् बोरी करून दाखव. काही गडबड झाली तर गाडीचं नाव काढायचं न्हाई." ऐन मे महिन्यात निघायचं ठरलं. मी मध्ये पडले नाही. परीक्षा द्यायची तर ती उन्हातच द्यावी.

सकाळी निघण्याआधी स्वातीने चारही टायरांची हवा स्वतःच्या गेजने मोजली. हे काम गाडी थंड असतानाच करायचं. आकडा किती, हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. शेजाऱ्याला विचारू नये. गाडी भरलेली असेल तर त्यावरचा मोठा आकडा घ्यायचा. आम्ही दोघं, स्वाती आणि माझ्या मोठ्या नणंद, म्हणजे वन्सं, असे चौघं; शिवाय वन्संचे धपाटे, दह्याचा डबा आणि पाण्याचा कॅन. स्वातीने मोठाच आकडा धरला.

गंगाखेड रोडने पोखर्णी गाठायला वेळ लागत नाही. लवकर निघा, म्हणजे नृसिंहाचं दर्शन ऊन चढायच्या आत होतं. आम्हाला वन्संच्या धपाट्यांनी उशीर केला. बाहेर आलो तेव्हा गाडी भर उन्हात, आणि यजमान आमच्याआधी तिच्याजवळ पोचलेले.

स्वाती आत बसली नाही. गाडीभोवती फिरली, वाकली, पुन्हा गेज लावला.

"बाबा, हवा कुणी सोडली?"

"मीच. टायर हाताला चटके देत होतं. उन्हात हवा फुगती, सोडावी लागती. माझे वडीलबी जीपची सोडायचे."

आमच्या भागात हे घरोघरी चालतं. उन्हाळा आला की हवा कमी करायची, वर गाडी कशी मऊ चालते म्हणून कौतुक करायचं.

"बाबा, तापल्यावर वाढायची तेवढी हवा वाढू द्यायची. टायर त्या हिशोबानेच बनवतात. सोडली की टायर रस्त्यावर पसरतं, त्याच्या बाजू सारख्या दबतात, अजून तापतात. फुटतं ते त्यानं. अन् इंजिनाला जास्त ओढावं लागतं, पेट्रोल जातं ते वेगळंच."

"तू मला गाडी शिकवायलीस?"

"न्हाई. पण अशी मी चालवणार न्हाई."

वन्संनी पदराने वारा घेत सुस्कारा सोडला. "आरं, आता आपण हितंच राहायचं का? निघा की!"

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा कॅन काढून पाणी प्यायले. कॉलेजात पदार्थविज्ञान मीही शिकले होते, पण परीक्षा तिची होती.

स्वातीने डिकीतून पायपंप काढला, ओढणी कमरेला खोचली आणि सुरू केलं. नारळाच्या दुकानातला म्हातारा उठून आला.

"पोरी, पंक्चर झालं का?"

"न्हाई काका, आमच्या घरात हवा लय झाली होती."

म्हातारा हसला, वन्संही हसल्या. यजमान नारळ निवडायला गेले. स्वाती एकेका टायराला घाम गाळत राहिली. तापलेल्या टायरात स्टिकरपेक्षा थोडा जास्तच आकडा दिसायला हवा, हे तिने धरलं होतं. उगाच जास्तही भरली नाही. फुगलेल्या टायराची रस्त्यावरची पकड कमी होते.

परभणीला परतून जिंतूर रोड धरला. झाडाखाली धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी. हॉटेलचा खर्च शून्य. बोरीच्या अलीकडे एक ट्रॅक्टर न बघता शेतातून थेट डांबरीवर आला. स्वातीने ब्रेक दाबला. गाडी डावीकडे-उजवीकडे न ओढता सरळ रेषेत थांबली. वन्सं पुटपुटल्या, "नरसिंहा!" यजमानांनी दाराची मूठ धरली होती, ती बोरी येईपर्यंत सोडली नाही. शाळा बंद होती. स्वातीने फाटकातून पाहिलं आणि आपला वर्ग कुठला असेल याचा अंदाज केला.

परतताना गाडीच्या पडद्यावर ॲव्हरेजचा आकडा होता. यजमानांनी चष्मा लावून पाहिला, काढला, पुसून पुन्हा पाहिला. त्यांच्या हाताखाली तो एवढा कधी गेला नव्हता.

हा प्रवास जिल्ह्याच्या बाहेरही गेला नाही. तरी मी तो लिहिते आहे, कारण तीन माणसं वाट पाहत असताना, त्यांतलं एक घरचं कर्तं असताना, "अशी मी चालवणार नाही" म्हणणं सोपं नसतं. मी पुष्कळ मुलींना शिकताना पाहिलंय. नियम पाठ असतात, ते पाळायची वेळ आली की मान खाली जाते. हिची गेली नाही. मला तिचा अभिमान वाटतो, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलं. ज्यांना उन्हाळ्यात निघायचंय त्यांनी स्वतःचा गेज घ्यावा, स्टेपनीही मोजावी, आणि तापलेल्या टायराला हात लावायची हौस आवरावी.

संध्याकाळी माझ्या धाकट्या दिरांचा फोन आला. त्यांना लग्नाला जायला गाडी हवी होती. यजमान अंगणात फिरत मोठ्याने बोलत होते. "मला काय विचारायलास? गाडी आता सूनबाईची हाय, बोरीला जाती ती. तिला विचार. अन् काय रे, उन्हात हवा सोडत न्हाईस ना? सोडतोस? मग आता सोडू नकोस, लय बोलती ती."